फणी फिरवलेल्या ओळी

नुंगंबाक्कम, चेन्नई
रविवार, १० फेब्रुवारी २००८

प्रिय वेणीअक्का,

अक्षर ओळखलंस का? नाहीच ओळखणार. दोन वर्षं आपण एका टेबलाशी बसलो, पण माझं हातानं लिहिलेलं तू फक्त डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर पाहिलंस, आणि त्यांवर 'दहीभात मी खाल्ला, ओरडू नकोस' यापलीकडे काही नसायचं. मी ऋचा. मिरजेची. गिंडीच्या ऑफिसात तुझ्या डाव्या हाताला बसून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलणारी. ई-मेल करता आला असता, तुझा पत्ता शोधणं काही अवघड नव्हतं. पण ई-मेल पाठवण्याआधी मी दहादा खोडते, वाक्यं गुळगुळीत करते आणि शेवटी त्यात काही म्हणजे काही उरत नाही. म्हणून शाईनं लिहितेय. खाडाखोड दिसू दे तुला.

आधी मुद्द्याचं सांगते, नाहीतर मी पाल्हाळ लावीन आणि धीर सुटेल. शेषाद्रीसरांनी त्या डिसेंबरात आपल्याला एक कागद वाचून दाखवला होता, कोणी किती काम केलं त्याचा. त्यात तुझ्या नावापुढे दोन टक्के होते. अक्का, तो आकडा खोटा होता. आणि तो खोटा आहे हे त्या खोलीत बसलेल्या तिघाचौघांत एकटीला माहीत होतं, ती मी. झालं, लिहिलं एकदाचं. सहा वर्षं हे एक वाक्य मी उद्यावर ढकलत आले. तू हे पत्र इथेच फाडून टाकलंस तरी मला तोंड वर करून काही म्हणता येणार नाही. पण फाडू नकोस गं. शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी तुझ्याकडे एक काम आहे आणि ते येत्या शुक्रवारच्या आत व्हायला हवं.

तुला आठवतं, मी पहिल्या दिवशी तुला हसले होते? तू जवळ येऊन विचारलंस, जेवण जाहलं काय म्हणून, आणि मला वाटलं एखाद्या बखरीतून बाई उठून आली. मी चोवीस वर्षांची, पुण्याहून शिकून आलेली, अक्कल उतू चाललेली. तू छत्तीस-सदतीसची, तिरुवल्लिकेणीहून दोन बस बदलून येणारी, केसांत मल्लीची माळ. मी हसले तरी तू रागावली नाहीस. तंजावरच्या आमच्या लोकांनी तीनशे वर्षं ही भाषा सांभाळून ठेवली, आता तुम्ही तिकडे बदलून टाकलीत त्याला आम्ही काय करावं, एवढंच म्हणालीस. मग डबा उघडून माझ्यापुढे सरकवलास. तमिळचा एक शब्द येत नव्हता मला, हॉस्टेलचं सांबार गळ्याखाली उतरत नव्हतं, आणि त्या ऑफिसात मराठी बोलणारी तू एकटी. तुला अक्का म्हणायला मला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली नव्हतीस. टायपिंगच्या हायर परीक्षेत पहिली आलेली, मग डेटा एंट्री, मग कंपनीनंच हळूहळू कोबोलसारखी कॉम्प्युटरची जुनी भाषा शिकवलेली. त्या टायपिंगच्या परीक्षेत म्हणे एक तक्ता टाइप करायला देतात, आकड्यांचे रकाने, आणि प्रत्येक रकाना कुठे सुरू होणार ते स्पेस मोजून ठरवायचं असतं. तो तक्ता तुझ्या बोटांत कायमचा जाऊन बसला होता. तू कोड लिहायचीस तोही तसाच, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, कॉमेंट, म्हणजे मशीननं सोडून द्यायच्या माणसांसाठीच्या टिपा, त्याही एकाखाली एक, जणू वहीवर समास आखलाय. मी थट्टा करायची. मशीनला काय फरक पडतो गं अक्का, एक स्पेस दे नाहीतर वीस दे. तू म्हणायचीस, मशीनला नाही, पण उद्या वाचणाराही माणूसच असेल ना.

आणि मला तर पसारा बघवायचा नाही. आपल्याकडे परदेशातल्या कंपन्यांचा जुना कोड यायचा, पाच भाषांतला, पन्नास जणांनी पन्नास तऱ्हांनी लिहिलेला. कुणी टॅब दिलेला, कुणी स्पेस, कुणी सगळं एकाच ओळीत कोंबलेलं. त्यातूनच मला ते सुचलं, की कुठल्याही भाषेतला कोड द्यावा आणि तो नीटनेटका होऊन बाहेर यावा असं एकच यंत्र करायचं. यंत्राला स्वतःला एकही भाषा येणार नाही. प्रत्येक भाषेसाठी नियमांची एक वेगळी फाइल, त्यात लिहिलेलं की इथे वाक्य सुरू होतं, इथे संपतं, ही कॉमेंट, तिला हात लावू नकोस. मी तुला हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा तू लगेच म्हणालीस, ही तर फणी झाली, केस कुणाचेही असू देत. नाव तिथेच पडलं. मग वेणी आणि फणी म्हणून सगळं ऑफिस आपल्याला चिडवत राहिलं.

आता खरं काय ते कबूल करते. यंत्र मी लिहिलं, आणि त्याचा केवढा डांगोरा पिटला मी! पण नियम तू लिहिलेस. पाचही भाषांचे. जाडजूड मॅन्युअलं मांडीवर घेऊन, पेन्सिलीनं खुणा करत, प्रत्येक भाषेच्या खोडी तू शोधून काढल्यास. कोबोलला तू सरकारी ऑफिसातला हेडक्लार्क म्हणायचीस, ज्याला सगळं ठरलेल्या जागीच लागतं. एकदा माझ्या यंत्रानं कोबोलच्या सगळ्या ओळी एका घरानं डावीकडे सरकवल्या होत्या. मी खुशीत होते, किती छान दिसतंय म्हणून. तू प्रिंटआउटवर फुटपट्टी लावलीस आणि दाखवलंस की कॉमेंटची चांदणी सातव्या घरात हवी, ती सहाव्यात गेली, म्हणजे आता कॉमेंटसुद्धा मशीनला हुकूम वाटणार. ते तसंच गिऱ्हाइकाकडे गेलं असतं तर कंपनीला टाळं लागलं असतं. शेषाद्रीसरांना मी सांगितलं की चूक सापडली. कुणाला सापडली ते सांगितलं नाही. विसरले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

मधेच घरची खबर देते, नाहीतर तुला वाटेल ही नुसती रडायलाच बसलीय. आईबाबा दोन वर्षांपूर्वी मिरजेहून माझ्याकडे राहायला आले. बाबांना तमिळ येत नाही आणि भाजीवालीला मराठी, तरी रोज सकाळी दोघांची कोथिंबिरीवरून अर्धा तास जुंपते, आणि दोघंही खूश असतात. आईला आता फिल्टर कॉफीवाचून चालत नाही. परवा ती शेजारणीकडून मोरकुळंबू, ती ताकाची आमटी, शिकून आली, आणि मला एकदम तुझा मंगळवारचा डबा आठवला. तुझ्याबद्दल आईला सगळं माहीत आहे. म्हणजे मी सांगितलं तेवढं. खरं परवा सांगितलं. ती एवढंच म्हणाली, तू तिच्या घरचं जेवलीस ना गं?

तर तो शनिवार. सतरा नोव्हेंबर दोन हजार एक. तारीख लक्षात आहे, कारण पुढे ती माझ्या मनात शंभर वेळा येऊन गेली. लीड्सची एक कंपनी फणी विकत घ्यायला निघाली होती आणि त्यांची माणसं बुधवारी कोड बघायला येणार होती. माझ्या डोक्यात आलं की फणी विकायची आणि फणीचाच कोड विस्कटलेला, हे कसं दिसेल? सगळं एका हातानं लिहिल्यासारखं दिसायला हवं. म्हणून मी ठरवलं, की फणीला फणीनंच विंचरायचं. तिचा सगळा कोड, तुझ्या नियमांच्या फायलींसकट. शुक्रवारी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, माझ्या फायलींना नोको, ते रकाने मी मोजून लावलेत, विस्कटतील. तू कधी कुणाला काही नको म्हणायची नाहीस, त्या दिवशी म्हणालीस. आणि मी हसून म्हटलं, अक्का, नियम म्हणजे नियम, तुला एकटीला सूट कशी देऊ? बाई गं, काय तो माझा तोरा!

शनिवारी ऑफिसात मी एकटीच होते. एक आज्ञा दिली, चार मिनिटांत सगळ्या फायली विंचरून निघाल्या आणि मी त्या सर्व्हरवर ठेवून दिल्या, माझ्या नावानं. सोमवारी तू आलीस, तुझी फाइल उघडलीस. वीस-वीस स्पेसच्या जागी एकेक स्पेस उरलेली. सगळे रकाने एकमेकांना चिकटलेले. तू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस. मला वाटलं आता बोलशील, आता बोलशील. तू फक्त 'होंदे' म्हणालीस. तुझं ते होंदे! बस चुकली, होंदे. कुणी पुढ्यातली खुर्ची ओढून नेली, होंदे. आमच्याकडे असू दे म्हणतात, पण त्यात थोडा तरी राग असतो, तुझ्यात तोही नसायचा. मग तू फुटपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवलीस आणि कामाला लागलीस.

आता जे सांगणार आहे ते तुला तेव्हा कुणी समजावून सांगितलंच नाही. सांगायचं कुणी, तर मी. आपला कोड सर्व्हरवर ज्या व्यवस्थेत राहायचा, ती प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिहून ठेवते. पण ती ओळ सुचली कुणाला, लिहिली कुणी, हे तिला कळत नाही. तिला शेवटचा हात कुणी लावला, एवढंच कळतं. शनिवारी फणीनं जवळजवळ प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे एक स्पेस कमीजास्त केली, आणि त्या सगळ्या ओळींपुढे तुझं नाव पुसून माझं आलं. मुद्दाम नाही केलं, आईशप्पथ. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पंधरा दिवसांनी लीड्सवाल्यांनी एक तक्ता मागवला, कुणाच्या किती ओळी. आपण तिघंच होतो, तू, मी आणि चार महिन्यांपूर्वी आलेला गुरुराज, आणि फणीबरोबर लीड्सला न्यायला त्यांना दोघंच हवे होते. शेषाद्रीसरांना कोडमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी कुणाकडून तरी आज्ञा विचारून घेतली, चालवली आणि आलेले आकडे कागदावर उतरवले.

ऋचा एक्क्याण्णव. गुरुराज सात, कारण त्यानं बरंचसं त्या शनिवारनंतर लिहिलं होतं. कृष्णवेणी दोन. सरांनी वाचलं आणि मी मनात म्हटलं, छे, हे कसं शक्य आहे. आणि दुसऱ्याच क्षणी मला सगळं कळलं. लख्ख कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या नजरेत तक्रार नव्हती गं, नुसतं विचारणं होतं, की हे खरं आहे का, तुला कळतं, तू सांग. एक वाक्य बोलायचं होतं मला. सर, सतरा तारखेच्या आधीचे आकडे काढा. पाच मिनिटांचं काम, जुनं सगळं सर्व्हरवर जसंच्या तसं होतं. माझ्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, आणि नेमकी त्या वेळी मी मूग गिळून बसले. मान खाली घालून तो कागद वाचत राहिले, त्यात तीनच ओळी होत्या तरी. तू 'होंदे' म्हणालीस. सर बिचारे चाचरत होते, म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, मशीननं मोजलंय, माझ्या हातात काही नाही. तू मान डोलावलीस. तू त्यांचीच समजूत काढल्यासारखी हसलीस.

का गप्प बसलीस, असं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. मला जायचं होतं. बस. मोठं कारण काही नाही. घरी अडचण नव्हती, कुणाचं आजारपण नव्हतं, कुणी बळजबरी केली नव्हती. दोघांना नेणार होते, आणि खरे आकडे निघाले असते तर तुझं नाव पहिलं आलं असतं. मग उरलेली एक जागा माझी की गुरुराजची, हे त्यांनी ठरवलं असतं. बहुतेक माझीच ठरली असती. म्हणजे बघ, त्या 'बहुतेक'साठी मी गप्प बसले. उद्या सांगू, असं रोज ठरवत होते. तू पोंगलच्या आधी राजीनामा दिलास, सगळ्यांना लाडू वाटलेस, मला तुझी ती फुटपट्टी दिलीस, आणि तेव्हाही माझा उद्या काही उजाडला नाही. लीड्समध्ये तीन वर्षं लोक मला फणीची बाई म्हणून ओळखत होते. कोबोलच्या नियमांबद्दल कुणी वाहवा केली की मी थँक यू म्हणायची. म्हणायची गं, अक्का. सवय झाली होती.

जायच्या आधी एका दुपारी, तुझी खुर्ची रिकामी झाल्यावर, मी ती आज्ञा चालवली होती. सोळा नोव्हेंबरची तारीख टाकून. आकडे बघितले, छापले, आणि कागदाची घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवला. फाडायचं धाडस झालं नाही आणि दाखवायचंही नाही. मिरज, लीड्स, बंगळूर, परत चेन्नई, जिथे गेले तिथे तो कागद माझ्याबरोबर आला. त्याच दुपारी मी आणखी एक गोष्ट बघितली. तुझ्या त्या दोन टक्क्यांत काय होतं, माहीत आहे? तीनशे एकोणनव्वद ओळी. त्यांतल्या बहुतेकींत एकच शब्द, नियम संपल्याचा, एंड. एंड, एंड, एंड. त्यात विंचरण्यासारखं काही नव्हतं म्हणून फणीनं त्यांना हात लावला नाही, आणि तेवढ्याच तुझ्या राहिल्या. त्या दुपारी मी रडले. पण रडून डोळे पुसले आणि व्हिसाची कागदपत्रं घेऊन बाहेर पडले, हेही लिहून ठेवते.

परत येऊन मला दोन वर्षं झाली. नुंगंबाक्कमहून तिरुवल्लिकेणी किती लांब? रिक्षानं वीस मिनिटं. मागच्या मार्गळीत, डिसेंबरातल्या एका सकाळी मी आले होते. देवळात गर्दी होती, रस्ताभर रांगोळीची कोलमं काढलेली, आणि तुझी गल्ली शोधता शोधता एका जिन्याखाली थांबले. वर टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटची पाटी. आतून पंधरा-वीस मशीन एकदम वाजत होत्या आणि त्यांच्या वरून एका बाईचा आवाज, तमिळमध्ये स्पेस मोजत होता. ओण्णु, रेंडु, मूणु. तुझा आवाज मी कुठेही ओळखीन. मी तिथल्या फुलवालीकडून एक मोळ, म्हणजे हातभर, मल्ली घेतली, पायरीवर एक पाय ठेवला, आणि पाय मागे घेतला. घरी येऊन आईला म्हटलं, मरीनाला फिरायला गेले होते. फुलं दुसऱ्या दिवशी सुकली.

त्यानंतरही मी लिहिलं नसतं. हे कबूल करताना लाज वाटते, पण खोटं एकदा बोलून झालंय, आता पुरे. मंगळवारी आमच्या कंपनीनं एका कॉलेजातल्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. आम्ही तिघं बसलो होतो. कागदावर एक लहानसा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. मुलं काय, कसंही खरडतात, पेनानं बाण काढतात, समासात लिहितात. दुपारून एक कागद माझ्या हातात आला आणि मी बघतच राहिले. बरोबरची सगळी चिन्हं एकाखाली एक. कॉमेंट एकाखाली एक. पेनानं लिहिलेलं, अक्का, पेनानं! वर नाव, एस. सहाना. तुमच्याकडे आडनाव लावत नाहीत, नुसतं वडिलांचं आद्याक्षर, आणि तू लेकीला नेहमी नुसतं 'पोरगी' म्हणायचीस, तेव्हा नावावरून काही कळलं नसतं. मी विचारलं, असं लिहायला कुणी शिकवलं? ती म्हणाली, आईनं. आई टायपिंग शिकवते. पूर्वी एका कॉम्प्युटर कंपनीत होती. मी वडिलांचं नाव विचारलं. सेतुमाधव म्हणाली, म्हणजे तुझेच यजमान. तुझं नाक आहे तिला, आणि बोलता बोलता थांबून विचार करायची तुझी सवय.

मी तिथेच दोघांना सांगितलं की हिची आई माझ्या ओळखीची आहे, मी गुण देणार नाही. तिला मात्र कोण, कुठली, ते सांगितलं नाही. त्या दोघांनी तिला गुण दिले, त्या दिवशीचे सगळ्यांत जास्त. काल मी बंगळूरला शेषाद्रीसरांनाही फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ती शनिवारची तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर मी तिला नोकरी सोडून जाऊ दिलं असतं का, आणि फोन ठेवून दिला. त्यांचा राग बरोबर आहे. तुझाही असेल. तू माझ्याशी पुन्हा बोलू नकोस, दार उघडू नकोस, मी त्याबद्दल काही म्हणणार नाही.

पण हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही. मुलाखतीच्या अर्जावर दोन चौकोन असतात, प्रोग्रॅमिंग की टेस्टिंग, हवं त्यावर खूण करायची. सहानानं टेस्टिंगवर केली होती. त्यात काम हलकं आणि पुढे जायला वाट अरुंद, हे तिलाही माहीत आहे. एवढा सुंदर कोड लिहून असं का, म्हणून माझ्या शेजारच्यानं विचारलं, तर ती हसून म्हणाली की आमच्या घरात टायपिंगचा हात आहे, प्रोग्रॅमिंगचं डोकं नाही. आई दोन वर्षं ते करत होती, पण शेवटी मशीननं मोजलं तेव्हा दोनच टक्के निघाले. आईच सांगते, मशीन कशाला खोटं बोलेल. अक्का, तू हे खरं मानलंस. सहा वर्षं खरं मानत राहिलीस आणि मुलीलाही शिकवलंस. गुण बघून कंपनीनं तिला दोन्ही जागांचं पत्र पाठवलंय, आणि तिला येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. प्रोग्रॅमिंगची जागा माझ्या विभागातली नाही, मी तिच्या वाटेत कुठेच नसेन. सोबत तो पेटीतला कागद ठेवलाय, सोळा नोव्हेंबर दोन हजार एकचा. एकूण ओळी एकोणीस हजार चारशे साठ. कृष्णवेणी, अकरा हजार तीनशे बारा, अठ्ठावन्न टक्के. तुझी फुटपट्टीही पाठवतेय, ती तुझीच आहे. हा कागद आधी तू वाच, मग तिला दाखव, आणि सांग की मशीनला ते दोन टक्के मोजायला लावणारी बाई कोण होती. त्या दिवशी मी मान खाली घातली आणि तू होंदे म्हणालीस. या वेळी म्हणू नकोस.

तुझीच, तू अजून म्हणू देत असशील तर,
ऋचा